चंद्रीला मी कुठं नेलं

हे मी देवापुढंसुद्धा बोलले न्हाय. माझं माहेर मोरगावच्या अंगाचं. वर्सातनं एकदा जाते, गणपतीपुढं हात जोडते, पोरींचं, गुरांचं, गुडघ्याचं सगळं गाऱ्हाणं घालते — हे एवढं सोडून. देवाला ठाऊक असंल तर असू दे. माझ्या तोंडून त्यानं ऐकलेलं न्हाय. नवऱ्यानं न्हाय, पोरींनी न्हाय. आज तुमाला सांगते. तुमी माझे कोण? कोणीच न्हाय, म्हणून तर सांगते. अन् आधीच बजावून ठेवते — ही आता पदर डोळ्याला लावंल म्हणून वाट बघत बसू नका. मी रडायला बसलेली न्हाय.

गोष्ट म्हशीची हाय. हसलात ना? हसा. मी पण हसायचे. माझ्या माहेरी शेरडं. ज्वारी-बाजरीचं कोरडं रान, अन् शेरडं. शेरडाचा आजा कोण, पणजा कोण, असं कुणी इचारलं असतं तर आमच्या आईनं त्याला भाकरी वाढली असती — उपाशीपोटी डोकं फिरलंय म्हणून. अन् मी पडले कुठं? तर वालचंदनगरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला, रेड्यांची कुळी पाठ असलेल्या घरात.

माझ्या सासऱ्यास्नी सगळा गाव तात्या म्हणायचा. तात्यांचा जीव टकरीच्या रेड्यात. यात्रेला मैदानात दोन रेडे सोडायचे, शिंगाला शिंग भिडायचं, जो पाठ दाखवंल तो हरला. एवढाच खेळ. पण तात्यांना खेळापेक्षा रक्ताचं वेड. वजीर हा बुलंदचा, बुलंद हा राजाचा, राजाची आई पंढरपूरकडनं चालवत आणलेली — अशी सुरुवात झाली की जेवणं निवायची. माझ्या दोन पोरींची नावं त्यांच्या तोंडात कायम उलटीपालटी. थोरलीला धाकटी म्हणायचे, धाकटीला थोरली. रेड्यांच्या नावात मात्र कधी चूक झाली न्हाय.

वजीर आमच्या दावणीला व्हता. त्याच्याकडं म्हशी घेऊन लांबलांबनं लोक यायचे, इंदापूरच्या पलीकडनंसुद्धा. अन् आमच्यात रेडा लावायचा म्हणजे सोयरीकच म्हणा की. आधी चहा. मग तात्या इचारणार — म्हशीची आई कुणाच्या दारची? आजी कुठली? तिच्या पोटचा कुठला रेडा मैदानातनं पळाला तर न्हाय ना? पसंत पडलं तर वजीर सोडायचा. पैसा घ्यायचा न्हाय, घेणं म्हणजे कमीपणा. घ्यायचा तो मान, अन् तोही उधार. कारण पुढं त्या म्हशीला रेडकू झालं, ते मोठं झालं, त्यानं पैली टक्कर मारली, की मालकानं ढोल लावून बापाच्या दारात यायचं — बाप म्हणजे ज्या रेड्यापासनं ते झालं त्याचा मालक. नारळ, टॉवेल, टोपी. सगळ्या गावादेखत. ज्याच्या दारात असा ढोल वाजला त्याची मान वर्सभर ताठ. पोराच्या वरातीलासुद्धा मी माणसं एवढी फुललेली बघितली न्हाईत.

आता खरं सांगू? बौद्धवस्तीतली म्हैस आमच्या दारात कधी उभी राहिली न्हाय. तात्या त्यास्नी तोंडावर 'न्हाय' म्हणायचे न्हाईत, गोड बोलायचे. "वजीर आज दमलाय रं." वजीर त्यांच्यापुरता कायमच दमलेला असायचा.

अन् त्याच वस्तीतली कमल माझी मैतरीण व्हती. तिचं रान आमच्या रानाला लागून, मधी फकस्त कालव्याच्या पाण्याची चारी. त्या लोकांची वांगी-दोडकी बारामतीला जायची. नवरा उत्तमराव वालचंदनगरला कामाला, पाळीवरनं सायकलनं यायचा अन् तसाच पाणी द्यायला रानात शिरायचा. माझी दुसरी पोरगी झाली तवा घरात कुणी तोंड गोड केलं न्हाय. कमल मागच्या दारानं आली, गूळखोबरं पदराखालनं काढलं अन् म्हणली, "खा गं वैनी, बाळंत तू झालीयास, ते न्हाईत." असली बाई. तिच्या दारात एक रेडा व्हता, काळू. खताची गाडी वढायचा, पाण्याचं पिंप वढायचा. बाप ठाऊक न्हाय, आजा ठाऊक न्हाय. कुणी इचारायला गेलंच न्हाय.

मी फिरून फिरून बोलते हाय, कळतंय मला. येते, येते मुद्द्यावर.

वजीर म्हातारा झाला. त्याच्याकडनं गेलेल्या म्हशी उलटाय लागल्या — म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायच्या. एक उलटली, दुसरी उलटली. गावाला दिसत व्हतं. पण तात्यांपुढं बोलणार कोण? तात्या म्हणायचे, म्हशीतच खोट हाय, पेंड घाला, जागा बदला. अन् मग आमची घरचीच चंद्री उलटली. त्या पंढरपूरकडच्या म्हशीच्या वंशातली शेवटची मादी. शिंगं अशी की मान वळवली तर पाठीवरची माशी उडवायची. एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली, तिसऱ्यांदा उलटली. भाकड पडली. तात्यांनी फर्मान काढलं — पुन्हा उलटली तर बाजार दाखवायचा. भाकड म्हैस बाजारात कोण घेतं, हे तुमाला सांगायला नको.

माझं टाळकंच सटकलं. वांझ कोण व्हतं? सगळ्यांना दिसत व्हतं वांझ कोण व्हतं. पण वजीराला गुळाचे खडे अन् चंद्रीला सुरी. माझ्या पोटी दोन पोरी झाल्या तवा दोष माझा, रेडकू झालं न्हाय तवा दोष चंद्रीचा. अरे, ह्या घरात नराचं कधी काही चुकतच न्हाय का?

आता तुमाला एक गोष्ट सांगते, ती तात्यांना वजीराची अख्खी कुळी पाठ असून ठाऊक नव्हती. म्हैस गाईवानी हंबरडा फोडून माजावर येत न्हाय. लई म्हशींचा माज मुका असतो. वरडत न्हाय, दावं तोडत न्हाय. पहाटं शेण काढाय गेलं की शेपटीखाली काचंवानी चिकट तार, बळस म्हणतात तिला, लोंबताना दिसती, तेवढीच खूण. अन् आमच्यात शेण कोण काढतं? कुळी सांगणारं काढत न्हाईत. चौथ्यांदा वजीर लावून तीन आठवडे झाले, एका पहाटं चंद्रीची बळस मला दिसली. मी पाण्याची बादली घेतली, तिचं ढुंगण धुतलं, खालची जागा राखेनं पुसून काढली. घरात कुणाला म्हणून कळू दिलं न्हाय.

त्या दिवशी तात्या अन् आमचे मालक बारामतीच्या बाजाराला गेलेले. दिवसाढवळ्या, ऊन डोक्यावर, मी चंद्रीचं दावं सोडलं, चारी ओलांडली अन् कमलच्या दारात नेऊन उभी केली. कमल वांगी तोडत व्हती. तिनं चंद्रीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "वैनी, तात्यास्नी कळलं तर?" मी म्हणलं, "म्हशीला कळलं म्हंजे बास." दोघी अशा हसलो, अशा हसलो की कमल बांधावर बसली. काळूला सोडला. त्यानं कुळी इचारली न्हाय. तासाभरात चंद्री परत दावणीला.

ह्याचा मला पस्तावा हाय का? न्हाय! आज ते दिस परत आले तर परत नेईन. ढोल वाजवत नेईन. माझा गुन्हा तो न्हाय, अन् त्याची माफी मी कुणाच्या बापाला मागणार न्हाय.

चंद्री गाभण राहिली. तात्या मिशीला पीळ देत गावभर फिरले — बघा वजीर! व्यायला तीन आठवडे उशीर झाला, तर म्हणे पोटात नर असला की म्हैस दिस जादा नेती, आमच्या आज्याच्या येळंपासनं असंच. मी चुलीपुढं बसून फुंकणीत तोंड घालून हसले. अन् नर झालाच की! नाव ठेवलं शेरा. कोवळेपणापासनंच शेराची एक तऱ्हा. समोर दुसरा रेडा आला की वरडायचा न्हाय, माती उकरायचा न्हाय. डावीकडं मान कलती करून गप उभा. समोरचा अंगावर आला की खालनं शिंग घालून उचलायचा. वजीराच्या कुळीतले सगळे मैदानात उतरताच गाव डोक्यावर घ्यायचे. हे गप उभं राहणं कुणाचं, ते मला ठाऊक व्हतं, कमलला ठाऊक व्हतं. काळू खताच्या गाडीला जुंपताना तसाच उभा असायचा.

यात्रेला शेरानं पैली टक्कर मारली. अकलूजकडचा नावाजलेला रेडा शेपूट घालून माणसांतनं पळाला. गुलालानं तात्या वळखू येईनात. बाप घरचाच, वजीर, म्हणून ढोल फिरून आमच्याच दारात आला अन् टोपी तात्यांनी आपल्याच हातानं आपल्याच डोक्यावर घातली. मी ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव चारीवर आला. कमलनं त्याला कवाच सांगितलेलं, पण इतके दिस त्यानं चकार शब्द काढलेला नव्हता. सायकल धरून उभा राहिला, खाली बघत म्हणला, "वैनी, आमाला काय नको. रेडा तुमचा, नाव तुमचं. फकस्त ढोल एकदा दारात आणा. माझा बाप हाय अजून. त्याला बघू द्या." त्याचा म्हातारा सगळा जन्म आमच्या तात्यांच्या बापाच्या गोठ्यात राबलेला. 'दमलाय रं' त्यानंच जास्त ऐकलेलं. अन् मी काय म्हणले? "बघते तात्यांशी बोलून." असं म्हणले मी. तोंडभरून म्हणले.

बोलले का? कुठली बोलते. आज बोलू, उद्या बोलू. तात्या खुशीत हायत, कशाला इस्कोट. तात्या रागात हायत, आता नको. असं करत करत गेलं. उत्तमराव वाट बघून दमला. एक दिवस इंदापूरच्या स्टँडवर चहा पिताना कुणीतरी शेराचं कौतुक काढलं अन् त्याच्या तोंडून गेलं, "आमच्या काळूचं पोर हाय ते." सांजच्या एस्टीनं ती बातमी गावात आली.

मग काय इचारता! घरात आग. तात्यांच्या डोळ्यांत रक्त. आमच्या रक्तात ह्यांचं रक्त? — हे रेड्याबद्दलच बोलत व्हते, बरं का. रेड्याबद्दलच. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं माणसं गोळा केली. उत्तमरावाला बोलावला. तो आला, बायकोला घेऊन आला, मागं काठी टेकत त्याचा म्हातारा. त्याला कुणी बस म्हणलं न्हाय. पण गडी डगमगला न्हाय. एकच बोलला, "मी कशाला सांगू? शालनवैनीला इचारा. त्या खोटं बोलायच्या न्हाईत."

मला घरातनं बोलवून आणलं. डोक्यावर पदर, बायकांच्या बाजूला उभी केली. कमल माझ्यापासनं हातावर. माझ्याकडं बघून ती जराशी हसली. भ्यायलेलं हसू न्हाय हां — आता बघा माझी मैतरीण, असलं हसू. तात्यांनी इचारलं, "सूनबाई, चंद्री त्यांच्या रेड्याकडं गेली व्हती?"

एवढाच सवाल. व्हय म्हणायला किती येळ लागतो?

मी म्हणलं, "न्हाय."

बरं, तेवढ्यावर तरी थांबायचं. 'न्हाय' म्हणून गप बसले असते तर एखादा म्हणला असता, बाई भ्याली. पण मी पुढं बोलले. कुणी इचारलं नव्हतं, कुणी बळ केलं नव्हतं. मी नाकाचा शेंडा वर करून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले — "आमच्या दारची म्हैस तितं कशाला जाईल?"

तितं.

कसं म्हणले ते तुमाला नुसतं सांगून कळायचं न्हाय. पण गावात राहिला असाल तर कळंल. त्या एका शब्दात कमलचं घर, तिचं चुलाण, तिचा हंडा, ते पदराखालचं गूळखोबरं, सगळं मी चिमटीनं धरून लांब टाकलं. माणसं हसली. कुणीतरी शिट्टी मारली. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की लग्न होऊन आल्यापासनं कधी बघितलं नव्हतं — लेकीकडं बघावं तसं. अन् खोटं कशाला बोलू, ते मला गोड लागलं. गोड लागलं! हेच ते. हेच मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय.

गावानं ठरवलं, उत्तमरावानं नारळ घेऊन तात्यांच्या दारात यावं अन् चुकलं म्हणावं. तो तयार नव्हता. म्हाताऱ्यानंच त्याच्या हातात नारळ दिला — रानाचं पाणी आमच्या बांधावरनं जात व्हतं, पोरास्नी हितंच राहायचं व्हतं. उत्तमराव आला. ज्या नारळानं त्याच्या दारात जायचं, तो नारळ तो आमच्या दारात घेऊन आला. उंबऱ्याबाहेर ठेवला, "चुकलं" म्हणला अन् गेला. तात्यांनी तो नारळ उचलून घरात घेतला न्हाय. शेराच्या गव्हाणीवर फोडला.

म्हणाल, सून व्हतीस, सासुरवास, दोन पोरी पदरात, काय करणार व्हतीस? नका म्हणू. माझ्या वतीनं बोलू नका. भीती कमलला नव्हती का? तिच्या पदरात पोरं नव्हती? ती माझ्यापेक्षा जास्त भिऊन उभी राहायला पाहिजे व्हती, अन् ती हसत उभी व्हती. अन् भीती किती दिस टिकती? तात्या गेले. आमचे मालक मऊ माणूस, जीभ उचलून बोलायचे न्हाईत. तवा बोलले असते तर माझा केस वाकडा झाला नसता. पण तवर शेराच्या नावावर आमच्या दारात चार जिल्ह्यांतनं म्हशी यायला लागलेल्या. पाहुणे मला 'शेरावाल्या काकी' म्हणायचे. पैल्या दिवशी मी भ्याले. नंतरची सगळी वर्सं मला ते सोयीचं व्हतं.

शेराची रेडकं सगळीकडं पसरली. आजही कुठल्या यात्रेत एखादा रेडा डावीकडं मान कलती करून गप उभा राहिला की जाणती माणसं म्हणतात, वजीराचं रक्त! तवा माझ्या पोटात हसू येतं. यायचंच. ज्या काळूला तुमी खताच्या गाडीला जुंपला, त्याच्यावर तुमच्या सगळ्यांच्या मिशा उभ्या हायत, लेकाच्यांनो. पण हे हसू मला एकटीलाच हसावं लागतं. जिच्यासंगं हसायचं, तिनं त्या दिवसापासनं चारी ओलांडली न्हाय. काळूला त्यांनी पुढच्याच बाजारात नेला. मी रानातनं बघितलं. कमल त्याच्या पाठीवर हात ठेवून रस्त्यापर्यंत गेली.

उत्तमराव गेल्याचं मला बारामतीत भाजी घेताना कळलं. ते लोक तवर पोराकडं बारामतीला राहायला गेलेले. त्याचा म्हातारा त्याच्याही आधी गेलेला, ढोल न बघता. मी तशीच पिशवी घेऊन गेले. ठरवूनच गेले — आज बोलायचं, सगळ्यांसमोर बोलायचं. घर माणसांनी भरलेलं. कमल भिताडाला टेकून बसलेली, केस पांढरे. मी समोर बसले. तिच्या सुनंनं इचारलं, ह्या कोण? कमलनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "गावाकडच्या हायत. पाणी दे त्यांना."

इतकी माणसं व्हती. माझ्या एका वाक्यानं त्या पोराला कळलं असतं की त्याचा बाप खोटारडा नव्हता. बापाची माती करून आलेलं पोर माझ्यासमोर बसलं व्हतं. मी पाणी प्याले. गुडघ्यावर हात टेकून उठले. येते गं, म्हणलं.

आपल्यात जाणाऱ्याला 'या' म्हणतात. कमल म्हणली न्हाय. बरोबर केलं तिनं.